कलघटगीच्या चहाचं गाणं

मी हुबळी सोडली त्या सकाळी घरात कुणी रडलं नाही, कारण रडायला कुणाला उसंतच मिळाली नाही. केशवापूरच्या आमच्या गल्लीत रिक्षा येऊन उभी राहिली आणि अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रिक्षावाल्याशी वाजलं. भांडण गाण्यावरून होतं. त्याने आवाज इतका मोठा ठेवला होता की अण्णांना मला शेवटच्या सूचना देता येईनात. निघताना 'जा' म्हणायचं नाही अशी आमच्याकडची रीत, म्हणून अक्का फाटकात उभी राहून "होगि बा" म्हणाली, जाऊन ये, आणि लगेच मराठीत, "डब्यातली चटणी आधी संपव, ती टिकायची नाही." अक्का म्हणजे माझी आई. मावश्या-मामा तिला अक्का म्हणायचे म्हणून आम्ही दोघी बहिणीही तेच म्हणत मोठ्या झालो. स्टेशन येईपर्यंत अण्णा रिक्षावाल्याच्या खांद्यावरून पुढे वाकून विचारत होते, "हे कुठलं गाणं हो? बरं आहे की."

हे लिहितेय ते तुमच्यासाठी, म्हणजे जे तिकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांच्यासाठी. तुमच्यातल्या पुष्कळांना मध्यंतरी माझा फोन आला होता. एक गाणं ऐका आणि पूर्ण ऐका, एवढंच मी म्हटलं होतं. कारण सांगायला लाज वाटत होती. आता सांगते.

तिकडे असताना गाणं शोधायला लागायचं नाही. ते यायचंच, हवं असो नको असो. वरच्या मजल्यावरच्या पोस्टातल्या बाई पहाटे भक्तिगीतं लावायच्या, त्यांच्या आवडीची. कमरीपेठेत काकांचं शिलाईचं दुकान होतं. तिथल्या रेडिओचं बटण तुटलेलं, म्हणून एकच स्टेशन लागायचं आणि त्यावर जे येईल ते गिऱ्हाइकाने मुकाट्याने ऐकायचं. अण्णा कोर्टात नोकरीला होते. रविवारी ते मला धारवाडला गाण्याच्या बैठकीला न्यायचे. मला ओ की ठो कळायचं नाही. मी चुळबुळ केली की म्हणायचे, "कळत नाही तर बस. बसून बसून कळतंय." खरं सांगते, मला अजूनही फारसं कळत नाही. पण न आवडणाऱ्या गोष्टीसमोर दोन तास बसता येतं, ही एक कला मी तिथून आणली. पुण्यात ती फक्त मीटिंगमध्ये उपयोगी पडते.

पुण्यात मी गाणी ऐकवणाऱ्या एका अ‍ॅपच्या ऑफिसात लागले. कन्नड आणि मराठी दोन्ही येतं म्हणून घेतलं. काम सोपं आहे. नवीन आलेलं गाणं अर्धा-पाऊण मिनिट ऐकायचं आणि त्याला टॅग लावायचे: भाषा कोणती, मूड कोणता, प्रसंग कोणता. पुढचं सगळं सिस्टीम बघते. कोणी कुठल्या सेकंदाला गाणं बदललं, कोणी परत लावलं, हे ती टिपते आणि तुमच्यापुढे तुमच्यासारख्याच लोकांना आवडलेलं आणून ठेवते. पाहुण्याला दुसरा लाडू आवडला की आठवडाभर लाडूच वाढणारी एखादी मावशी असते ना, तशी. प्रेमात कमी नाही, पण ताटात दुसरं काही येत नाही.

माझ्या ताटातही तेच झालं. अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं तेव्हा त्याने विचारलं, तुमच्या भाषा निवडा. मी मराठी, हिंदी, इंग्रजीवर बोट ठेवलं. कन्नड राहून गेली. मुद्दाम सोडली म्हणाल तर तसं नाही, पण त्या दिवसांत ऑफिसात माझ्या 'येतंय की', 'नको की' वर सगळे हसायचे. तेव्हा बोट थोडं घाईने पुढे सरकलं असेल. नंतर काही वर्षांत माझ्या फोनने मला पक्की पुणेकर करून टाकलं. कन्नड गाणं कामावर कानात पडायचं तेवढंच, आणि तेही पाऊण मिनिट. घरी फोन केला की अक्का विचारायची, "ऊट आत?" जेवलीस का. आणि मी उत्तर मराठीत द्यायचे.

मग धाकट्या शैलाचं लग्न ठरलं, कलघटगीला. मुलाकडचे कन्नड बोलणारे, घरासमोरच बी-बियाण्यांचं दुकान, माणसं चांगली. शैलाच्या सासूबाई, इंदक्का, अंगाने आडव्या आणि बोलायला उभ्या. अक्काला त्या पहिल्या भेटीतच आवडल्या. "हिच्यावर गाणं चांगलं होईल," म्हणाली.

पुण्यातल्या मंडळींना हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत विहिणीवर गाणं म्हणतात. चाल जुनी, शब्द दर लग्नाला नवे. त्यात विहिणीचं नाव घ्यायचं, गाव घ्यायचं, तिच्या घरी मुलगी बघायच्या-दाखवायच्या वेळी जे काय उणं दिसलं असेल ते मीठ-मिरची लावून सांगायचं. एक ओळ मराठीत, म्हणजे आपल्या बाजूला हसता येतं. दुसरी कन्नडमध्ये, म्हणजे त्यांच्या बाजूला झोंबतं. चार कडव्यांत विहिणीची पार धूळधाण करायची आणि पाचव्यात सगळं मागे घ्यायचं. तुमच्या हातचं पाणीसुद्धा गोड, म्हणायचं आणि साखर भरवायची. मग ती उलटून आपल्यावर म्हणते. दोन्हीकडून झाल्याशिवाय पंगत उठत नाही.

अक्काने चहा धरला. कलघटगीला गेलो होतो तेव्हा चहा खरंच पातळ होता, नाही म्हणायचं नाही.

इंदक्का विहीणबाईंचा चहा, कपाचा तळ दिसतो पहा,
बीगती चहा कुडदेवी, नीरु अंत तिळदेवी!

विहीणबाईंचा चहा प्यालो आणि पाणीच समजून बसलो. मंटपात हशा पिकला. इंदक्कासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी फोनवर सगळं रेकॉर्ड केलं. पाचवं कडवं झालं, साखर झाली. इंदक्का घसा खाकरून उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात त्यांच्याकडचे एक आजोबा काठी आपटत आले: राहुकाळ लागतोय, बस आत्ता निघाली पाहिजे. एकच गडबड उडाली. इंदक्का म्हणाल्या, "माझं राहिलं बघ," आणि बसमध्ये चढल्या. आमच्यातल्या कुणालाही त्यात काही वाटलं नाही.

पुण्याला परत आले आणि घर खायला उठलं. रोज संध्याकाळी ते रेकॉर्डिंग लावायचे. मग एका शनिवारी काय सुचलं कोण जाणे, मी ते अ‍ॅपवर चढवलं. नाव दिलं: 'कलघटगीच्या इंदक्कांचा चहा'. मला वाटलं, तुम्ही सगळे विखुरलेले, तुम्हाला ऐकता येईल. इथपर्यंत माफ आहे. पण फॉर्मवर भाषा एकच निवडता येते. मराठी निवडली असती तर सिस्टीमने ते पुण्या-नाशकाला नेलं असतं, दुसऱ्या ओळीला लोकांनी बदललं असतं आणि गाणं गपगुमान मेलं असतं. मी कन्नड निवडली. मूड खेळकर, प्रसंग लग्न. लग्नसराईचे दिवस होते. कुठला टॅग कधी चालतो हे मला ठाऊक होतं, तोच माझा धंदा आहे. तेव्हा ते चुकून झालं असं मी म्हणणार नाही.

आणि ते चाललं. बेळगाव, गदग, हावेरी, कुठे कुठे चाललं. आठ-दहा दिवस मी ऑफिसात मान ताठ करून हिंडत होते. मग लोकांनी त्याचा तुकडा काढला, त्या चहाच्या दोन ओळींचा. व्हिडिओत सासू सुनेला चहा देतेय, मागे अक्काचा आवाज. चहाच्या टपऱ्यांनी लावला. हुबळीत रिक्षांमध्ये वाजायला लागला. पाचवं कडवं कुणी ऐकलंच नाही. तिथवर कुणी पोचतच नव्हतं. आलेख मी स्वतः पाहिला, तिसऱ्या कडव्याआधीच जवळजवळ सगळे उतरून गेलेले. साखरेपर्यंत थांबायची कुणाला गरजच पडली नव्हती.

कलघटगी केवढी! चहावाल्या इंदक्का कोण हे शोधायला कुणाला कष्ट पडले नाहीत. आठवड्याच्या बाजारात भाजीवाल्या ती ओळ म्हणायला लागल्या. दुकानात आलेले लोक "नीरु कोडरी" म्हणायचे, पाणी द्या हो, आणि हसायचे. शैलाने आधी काही सांगितलं नाही. सातवा महिना लागला तेव्हा तिचा फोन आला. सातव्या महिन्यात माहेरची माणसं हिरव्या बांगड्या आणि साडी-चोळी घेऊन जातात, आमच्याकडे त्याला कुबस म्हणतात, आणि मग पहिल्या बाळंतपणासाठी मुलीला माहेरी आणतात. शैला सासूबाईंना अत्ती म्हणते. ती म्हणाली, "अत्ती म्हणतात, कुबसाला येऊ नका म्हणून सांग. बाळंतपण इथंच करू म्हणतात." आणि मग म्हणाली, "पुट्टी, मला घरी जायचंय गं." पुट्टी म्हणजे छोटी; मी मोठी, पण लहानपणापासून घरात माझं नाव तेच. ती रडत होती, आणि माझ्या ऑफिसच्या जेवणघरात मागे कुणाच्या तरी फोनवर तेच गाणं वाजत होतं.

मी गाणं त्याच दुपारी काढून टाकलं. उपयोग शून्य. सांडलेलं तेल पुसता येतं, वास कसा पुसणार? अक्काला फोन करून सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी तुला विचारायला हवं होतं. ती म्हणाली, "मला विचारून काय करणार होतीस? गाणं माझं, पण नाव तिचं. तिला विचारायचं होतंस." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात मी, अक्का आणि अण्णा बसने कलघटगीला गेलो. अक्काने होळगी, म्हणजे पुरणपोळ्या, करून घेतल्या होत्या. अण्णा वाटेत एकदाच बोलले, "होगली बिडो, जाऊ दे, म्हणून सोडून देण्यासारखं असतं तर मी आलो नसतो." इंदक्कांनी या म्हटलं, पाट मांडले, आणि चहा आणला. दाट, काळाभोर, वर साय. कुणालाच तो प्यायचं धैर्य होईना. अक्काने कप खाली ठेवला आणि हात जोडून तिथेच पाचवं कडवं म्हणायला लागली. एक ओळ झाली असेल नसेल, इंदक्कांनी थांबवलं.

"ते मी त्याच दिवशी ऐकलंय हो. साखर पण खाल्ली." त्या आमच्याशी मराठीत बोलत होत्या, तुटक पण नीट. "चहा पातळ होताच. त्याला मी का रागवू? बाजारात बायका विचारतात, 'इंदक्का, त्यावर तुम्ही काय म्हटलं?' मी काय सांगू? मी काही म्हटलंच नाही. तुमचं गाणं सगळं गाव ऐकतंय आणि माझं तोंड बंद. मी मुकी आहे का?"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आणि माझी सिस्टीम, दोघीही समजत होतो की हे एक गाणं आहे. ते अर्धंच होतं.

"मग म्हणा ना," अक्का म्हणाली. "आत्ता म्हणा."

"आत्ताच म्हणते. पुट्टी, फोन काढ. आणि तुमचं जिथं टाकलंस तिथंच टाक."

त्या उठून उभ्या राहिल्या. आवाज घोगरा, चाल मात्र अक्काचीच. अक्काच्या होळगीवर एक कडवं झालं, अण्णांच्या टकलावर झालं, केशवापूरच्या आमच्या दोन खोल्यांवर झालं. अण्णा मांडीवर ताल धरून होते. आतल्या दारात उभी असलेली शैला किती महिन्यांनी हसताना दिसली मला. आणि मग इंदक्का माझ्याकडे वळल्या.

थोरली लेक गेली पुण्याला, विकते आईच्या गाण्याला,
अव्वन हाडु मारताळ, अव्वन मरत कुंताळ!

आईचं गाणं विकते, आईला विसरून बसते. सगळे हसले, रीतच ती, हसायचं. मीही हसले. पण मला लागलं, खोटं कशाला बोलू. फोन धरलेला हात खाली आला, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये तिथे जरा खरखर आहे, तुमच्यातल्या काहींनी ती विचारलीही होती.

निघताना इंदक्का म्हणाल्या, "माझं लोकांत गेलं की कळव. मग शैलाचं बघू." चेष्टेतच म्हणाल्या. पण बघू म्हणाल्या, पाठवते म्हणाल्या नाहीत.

नाव त्यांनीच सांगितलं: 'इंदक्कांचं उत्तर'. मी चढवलं, सगळे टॅग लावले, तोच मूड, तोच प्रसंग. आठवडा गेला, सोळा जणांनी ऐकलं. टॅग बदलले, परत बदलले. हे नियमात बसत नाही, पण बदलले. एकोणीस. लग्नसराई संपली होती, आवाज घोगरा होता, त्यात सगळ्यांना कळेल असा चहा नव्हता, एका अण्णांचं टक्कल होतं फक्त. मी सीनियरला जाऊन विचारलं, थोडं पुढे ढकलता येईल का? तो चांगला मुलगा आहे. म्हणाला, "ताई, ढकलणारे आपण कोण? लोकांना हवं असेल तर ते वर येईल." तिकडे शैलाचा सातवा सरून आठवा लागला. इंदक्का दर रविवारी फोन करून विचारायच्या, किती झाले? आणि मी आकडा सांगायचे. एकदा वाढवून सांगावा असं मनात आलं होतं. अक्काचा चेहरा डोळ्यांपुढे आला, नाही सांगितला.

मग मला लग्नाचं आमंत्रण करायची अक्काची पद्धत आठवली. पत्रिका पोस्टात टाकली की झालं, हे तिला कधी पटलं नाही. अक्षता घेऊन दारात जायचं, नाव घेऊन बोलवायचं, आणि वर म्हणायचं, नुसतं तोंड दाखवून जाऊ नका, जेवून जा. मी वही घेतली आणि तुमची नावं काढली. बेळगावच्या मावशी, मस्कतचा श्रीधर, बंगळूरच्या तिघी, कमरीपेठेतले काका, सोलापूरची आत्या, पोस्टातल्या बाईसुद्धा. एकेकाला फोन केला. वर्षानुवर्षं ज्यांच्याशी बोलले नव्हते त्यांनाही. निम्म्यांशी कन्नडमध्ये बोलावं लागलं. पहिल्या दिवशी जीभ अडखळत होती, तिसऱ्या दिवशी सुटली. सगळ्यांना एकच सांगितलं: शेवटपर्यंत ऐका, आणि ऐकून झालं की इंदक्कांना फोन करून सांगा. नंबर देते.

तुम्ही केलेत. मस्कतहून केलेत, सोलापूरहून केलेत. काकांनी तर शिलाई मशीन बंद करून, दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकवून, फोनवर सगळ्यांकडून एकेक वाक्य बोलवून घेतलं. शैलाने सांगितलं, चार दिवस अत्तींचा फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती, भाजी चिरताना मांडीवर फोन, आणि प्रत्येकाला टकलाचं कडवं परत म्हणून दाखवत होत्या.

रविवारी त्यांचा फोन आला. "किती झाले?"

"एकशे सदतीस," मी म्हटलं. अक्काचं ज्या दिवशी जोरात होतं त्या दिवशी तेवढे एका तासात व्हायचे, हे त्यांना ठाऊक होतं. मी तयारीत होते.

"त्यातले ओळखीचे किती?"

"सगळेच. सगळे आपलेच आहेत, अत्ती."

मग म्हणाल्या, "मग आणखी कोण ऐकायचं राहिलंय? सोमवारी बांगड्या घेऊन या. शैलाची पेटी मी भरून ठेवते."

मी नुसतं हूं हूं करत राहिले. त्या फोन ठेवणार तेवढ्यात मी म्हटलं, "अत्ती, तुमचं पाचवं कडवं?" अक्काचं, अण्णांचं, घराचं, सगळ्यांचं त्यांनी त्या दिवशी गोड करून मागे घेतलं होतं. माझं तेवढं घेतलं नव्हतं. मी नंतर रेकॉर्डिंग दहा वेळा ऐकलं, नव्हतंच घेतलं.

"तुझं?" त्या हसल्या. "तुझं फोनवर नाही मिळायचं. बाळाच्या बारशाला ये, माझ्यासमोर बस, मग म्हणते. तोवर तू आईला विसरलेलीच."

घर म्हणजे काय असं आता कुणी विचारलं तर मला फार लांबचं सांगता येत नाही. पुण्यात माझ्याबद्दल कुणाचं काही म्हणायचं राहिलेलं नाही. फोनला माझी आवड कळते, ऑफिसला माझं काम कळतं, तेवढ्यावर भागतं. तिकडे माझ्यावर चारचौघांत एक ओळ म्हटली गेलीय आणि ती मागे घ्यायला एक बाई माझी वाट बघतेय. मी रजा टाकली आहे.